घरातली नाती आणि मनःस्वास्थ्य: मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याने संशोधन प्रकल्प कसा करावा

मानसशास्त्राच्या टीवायबीएच्या किंवा एमएच्या वर्गात प्रकल्पाचे विषय मागवले की त्यात कुटुंब हमखास येतं. याचं मला नेहमी बरं वाटतं. मुलांनी जगलेला, ज्याबद्दल त्यांना खरंच काही जाणून घ्यायचंय असा हा विषय आहे. अडचण येते ती त्याच्या आकारामुळे. ‘कौटुंबिक संबंधांचा विद्यार्थ्यांच्या भावनिक स्वास्थ्यावर होणारा परिणाम’ असं शीर्षक सिनॉप्सिसवर भारदस्त दिसतं, पण कामाला बसलं की त्यातला एकही शब्द हाताला लागत नाही. कोणाचे कोणाशी संबंध? भावनिक स्वास्थ्य म्हणजे आनंद, समाधान, की फक्त नैराश्य नसणं? आणि ‘परिणाम’ हा शब्द तर एकदाच प्रश्नावली भरून घेणाऱ्या अभ्यासाला वापरताच येत नाही.

म्हणून सुरुवात प्रश्नापासून करू. प्रकल्पाच्या एकूण वेळातला चौथा हिस्सा यात गेला तरी तो सत्कारणी लागला असं समजा.

प्रश्न लहान करत न्या

समजा, तुम्हाला गावाहून शिकायला आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींबद्दल काम करायचंय. वहीच्या एका पानावर चार गोष्टी लिहा.

पहिली, नातं कोणतं? आईशी, वडिलांशी, भावंडांशी, की ‘घरचे’ म्हणून एकत्र? अनेक घरांत मुलीचं आईशी एक असतं आणि वडिलांशी अगदीच वेगळं. दोन्हींची सरासरी काढली तर हाती येणारा आकडा त्यातल्या कुठल्याच नात्याचा नसतो.

दुसरी, त्या नात्यातलं काय? आधार, जवळीक, मोकळेपणा, धाक, भांडणं, अपेक्षांचं ओझं या सगळ्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि एकाच घरात एकत्र नांदतात. आधार भरपूर आणि धाकही भरपूर, अशी घरं आपल्याकडे कमी नाहीत.

तिसरी, मनःस्वास्थ्याची कोणती बाजू? आयुष्याबद्दलचं समाधान, रोजची मनःस्थिती आणि त्रासाची लक्षणं या तीन बाजू एकमेकींशी जोडलेल्या असल्या तरी एक नाहीत. ज्याला चिंतेची लक्षणं नाहीत तो आनंदात आहेच, असं होत नाही.

चौथी, हे सांगणार कोण? हा प्रश्न बहुतेक जण विचारायचंच विसरतात. तुम्ही विद्यार्थ्याला विचारणार असाल तर तुम्ही मोजताय ते त्याच्या नजरेतून दिसणारं घर. आईला विचारलंत तर वेगळं उत्तर येईल, आणि त्यामुळे दोघांपैकी कोणी खोटं ठरत नाही. म्हणून शीर्षकातच ‘वाटणारा आधार’ किंवा ‘जाणवणारी जवळीक’ असं लिहा. त्या एका शब्दाने तुमचा दावा आवाक्यात येतो.

हे सगळं जमवल्यावर प्रश्न साधारण असा होईल: वसतिगृहात राहणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांना घरून मिळतो असं वाटणारा आधार आणि त्यांचं गेल्या दोन आठवड्यांतलं मनःस्वास्थ्य यांचा परस्परांशी किती संबंध आहे? लांबलचक आहे, पण यातला प्रत्येक शब्द मोजता येतो.

एकत्र कुटुंब विरुद्ध विभक्त कुटुंब: हा विषय घेण्याआधी थांबा

आपल्याकडच्या महाविद्यालयांत हा विषय वर्षानुवर्षं चालत आलाय. दोन गट करायचे, टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरींतला फरक तपासणारी) लावायची, प्रकल्प तयार. मला तो पटत नाही आणि त्याची कारणं साधी आहेत. आजी सहा महिने पुण्यात धाकट्या मुलाकडे आणि सहा महिने गावी थोरल्याकडे राहत असेल, तर नातवाने कोणत्या चौकोनात खूण करायची? काका त्याच वाड्यात, पण चूल वेगळी, हे काय म्हणायचं? वडील नोकरीसाठी मुंबईत आणि आई-मुलं साताऱ्यात, याला काय म्हणायचं? वर्गीकरणच डळमळीत असेल तर त्यावर उभा केलेला फरक कितपत खरा मानायचा?

शिवाय घरात माणसं किती आहेत यावरून त्यांच्यातला जिव्हाळा कळत नाही. घराची रचना तुम्हाला हवीच असेल तर शिक्का मारण्याऐवजी नेमकं विचारा. गेल्या महिन्यात घरी कोण कोण राहत होतं? परीक्षेत नापास झालात तर घरातल्या कोणाला आधी सांगाल? कोणाला मुळीच सांगणार नाही? या तीन प्रश्नांतून ‘एकत्र’ आणि ‘विभक्त’ या दोन चौकोनांपेक्षा कितीतरी जास्त कळतं.

वाचन

शोधगंगावर भारतीय विद्यापीठांतले पीएचडी प्रबंध मोफत वाचायला मिळतात. गुगल स्कॉलरवरही पुष्कळ लेख पूर्ण उघडतात. पंधरा-वीस लेख नीट वाचा आणि प्रत्येकासाठी एका तक्त्यात पाच रकाने भरा: कोणाला विचारलं, किती जणांना, कोणती मापनी, काय सापडलं, तुम्हाला काय शंका आली. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर लेख वाचून झालेला नाही असं समजा.

वाचताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. पालकत्वाच्या शैलींची जी मांडणी पाठ्यपुस्तकात असते ती डायना बॉमरिंड यांनी 1960च्या दशकात अमेरिकेत केलेल्या कामातून आली. रूथ चाओ यांनी 1994 मध्ये दाखवलं की चिनी कुटुंबांतल्या कडकपणाला या मांडणीतली ‘हुकूमशाही’ शैली म्हटलं की त्यातली काळजी आणि घडवण्याचा हेतू निसटतो. तुर्कस्तानच्या मानसशास्त्रज्ञ चिग्देम कागितचिबाशी यांनी तर कुटुंबाचं वेगळंच प्रारूप मांडलं. शहरीकरण झालं आणि उत्पन्न वाढलं की पैशासाठीचं परस्परावलंबन कमी होतं, पण मनाने एकमेकांत गुंतलेलं राहणं टिकतं, आणि मूल स्वायत्त आणि जोडलेलं असं दोन्ही असू शकतं, असं त्या म्हणतात. पगार स्वतःचा, पण गाडी घेण्याआधी बाबांना विचारायचं, हे ज्यांच्या घरी चालतं त्यांना हे लगेच कळेल. प्रस्तावनेत फक्त पाश्चात्य सिद्धांत मांडून ‘भारतीय संदर्भात अभ्यास कमी आहेत’ असं वाक्य टाकण्यापेक्षा हा वाद दोन परिच्छेदांत मांडा. परीक्षकाला तुम्ही विचार केलाय हे तिथेच दिसतं.

मापनी निवडणं

स्वतः प्रश्नावली बनवण्याचा मोह टाळा. चांगली मापनी तयार करणं हा स्वतंत्र प्रकल्प असतो, एका सत्रात तो होत नाही. तपासून घेतलेल्या, मोफत मिळणाऱ्या मापन्या पुरेशा आहेत.

आधारासाठी झिमेट आणि सहकाऱ्यांची 1988ची बहुआयामी सामाजिक आधार मापनी सोयीची पडते. तिच्यात 12 विधानं आहेत: चार कुटुंबाबद्दल, चार मित्रांबद्दल, चार एका जवळच्या खास व्यक्तीबद्दल. प्रत्येकाला 1 ते 7 गुण. कुटुंबाबद्दलची विधानं 3, 4, 8 आणि 11 या क्रमांकांवर आहेत. त्यांची बेरीज करून चाराने भागलं की कुटुंबाच्या आधाराचा गुण मिळतो. मित्रांचा गुणही सोबत मिळतो, तो वाया घालवू नका. घरून आधार कमी आणि मित्रांकडून भरपूर असलेल्या मुलांचं काय होतं, हा वसतिगृहाच्या बाबतीत फार महत्त्वाचा प्रश्न आहे.

आईवडिलांच्या माया आणि अतिकाळजी या दोन बाजू हव्या असतील तर पार्कर आणि सहकाऱ्यांची 1979ची पालक-बंध मापनी आहे. तिच्यात 25 विधानं आहेत आणि आईसाठी व वडिलांसाठी ती वेगवेगळी भरायची. मात्र ती वयाच्या 16व्या वर्षापर्यंतच्या आठवणी विचारते. आजच्या नात्याबद्दल तिच्यावरून बोलता येणार नाही.

मनःस्वास्थ्यासाठी मी जागतिक आरोग्य संघटनेचा पाच प्रश्नांचा निर्देशांक सुचवेन. तो गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतो, प्रत्येक उत्तराला 0 ते 5 गुण. एका मुलीची उत्तरं 3, 2, 3, 4, 2 आली तर बेरीज 14. तिला 4 ने गुणलं की 56. कमाल 100. गुण 50 पेक्षा खाली गेला तर मनःस्थितीकडे लक्ष द्यायला हवं असं मानतात, पण हे निदान नव्हे, आणि तुमच्या अहवालात ‘इतके विद्यार्थी नैराश्यग्रस्त आढळले’ असं वाक्य कधीही येता कामा नये. आयुष्याबद्दलचं समाधान मोजायचं असेल तर डीनर यांची 1985ची पाच विधानांची मापनी घ्या. डास-21 ही मापनी मात्र त्रासाची, म्हणजे नैराश्य, चिंता आणि ताणाची, लक्षणं मोजते. ती वापरून ‘भावनिक स्वास्थ्य’ मोजलं म्हणू नका.

मापनी विकत घ्यावी लागत असेल तर विभागाच्या प्रयोगशाळेतल्या कपाटात आधी बघा. कुटुंब-वातावरणाच्या भारतीय मापन्या तिथे बऱ्याचदा असतात. इंटरनेटवर सापडलेली कोणीतरी स्कॅन केलेली प्रत वापरू नका. गुण देण्याची पद्धत त्यात अर्धवट असते आणि परवानगीचा प्रश्न वेगळाच.

मराठीत विचारायचं असेल तर

तुमचे उत्तरदाते मराठी माध्यमातले असतील तर मराठीतच विचारा. अधिकृत मराठी आवृत्ती आहे का ते आधी शोधा. नसेल तर पद्धत ठरलेली आहे: दोन्ही भाषा जाणणाऱ्या एकाने मराठीत आणायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने ते परत इंग्रजीत न्यायचं, मग दोन्ही इंग्रजी पाठ शेजारी ठेवून पाहायचं. रिचर्ड ब्रिस्लिन यांनी 1970 मध्ये ही उलट-भाषांतराची रीत मांडली.

पण तेवढ्यावर थांबू नका. तयार पाठ पाच-सहा विद्यार्थ्यांसमोर ठेवा आणि प्रत्येक विधान वाचून त्यांना काय समजलं ते त्यांच्या शब्दांत सांगायला लावा. ‘मी माझ्या समस्यांविषयी माझ्या कुटुंबियांशी चर्चा करू शकतो’ हे व्याकरणाने बिनचूक आहे, पण घरात कोणी ‘समस्यांविषयी चर्चा’ करत नाही. ‘माझ्या अडचणी मी घरच्यांशी बोलू शकतो/शकते’ म्हटलं की मान डोलते. दुहेरी नकार असलेली वाक्यं मराठीत हमखास गोंधळ घालतात. ‘घरचे माझ्याकडे लक्ष देत नाहीत असं मला वाटत नाही’ यावर ‘पूर्ण असहमत’ म्हणजे नेमकं काय, हे तुम्हालाही दोनदा वाचावं लागेल.

संमती, गुप्तता आणि तुमची जबाबदारी

इथे मी थोडी जास्त जागा घेणार आहे, कारण प्रकल्पात हाच भाग घाईत उरकला जातो. घराबद्दल विचारणं म्हणजे माणसाच्या सगळ्यात नाजूक जागी हात घालणं. सहज म्हणून भरायला घेतलेल्या फॉर्मवर एखादी मुलगी रडू शकते, आणि तेव्हा तिच्यासमोर तुम्ही असता.

संमतीपत्र साध्या मराठीत, एका पानात लिहा: तुम्ही कोण, काय विचारणार, किती वेळ लागेल, नाव कुठे येणार नाही, मधेच सोडून दिलं तरी चालेल, मार्गदर्शकांशी संपर्क कसा करायचा. ‘सहभाग ऐच्छिक आहे’ हे फक्त लिहून भागत नाही. तुमच्याच महाविद्यालयाच्या प्राध्यापकांनी तास थांबवून फॉर्म वाटले तर नाही म्हणायची सोय कोणाला उरते? शिक्षकांना वर्गाबाहेर जायची विनंती करा.

शक्यतो 18 वर्षांवरचेच उत्तरदाते घ्या. अकरावी-बारावीच्या मुलांवर काम करायचं तर पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही लागतं. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे 12 ते 18 वयोगटात हा होकार लेखी हवा. त्यात आणखी एक पेच असतो: ज्या घरात ताण जास्त, तेच पालक नकार देण्याची शक्यता जास्त, आणि मग तुमच्या नमुन्यात सुखी घरंच उरतात.

अठरा वर्षांखालच्या मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं तर ते गुप्त ठेवता येत नाही. पॉक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण) कायद्याच्या 19व्या कलमानुसार कळवणं बंधनकारक आहे. त्यामुळे ‘तुम्ही सांगाल ते कोणालाही कळणार नाही’ असं सरसकट वचन देऊ नका. गुप्ततेला मर्यादा कुठे आहे ते आधीच सांगा, आणि असं काही पुढे आलं तर त्याच दिवशी मार्गदर्शकांना सांगा.

आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट प्रश्न असलेली मापनी विद्यार्थी-प्रकल्पात घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. निनावी फॉर्ममध्ये एखाद्याने ‘जवळजवळ रोज’ अशी खूण केली तर त्याच्यापर्यंत पोहोचायचा मार्गच तुमच्याकडे नसतो. कोणतीही मापनी घेतली तरी फॉर्मच्या शेवटी सगळ्यांसाठी मदतीचे क्रमांक द्या: टेलि-मानस 14416, जिथे चोवीस तास मोफत बोलता येतं, आणि बालकांसाठी 1098. महाविद्यालयात समुपदेशक असतील तर त्यांना प्रकल्पाची कल्पना आधी द्या, त्यांच्या वेळा फॉर्मवर छापा.

किती जणांना विचारायचं, कसं विचारायचं

‘सॅम्पल किती घेऊ?’ याला ‘शंभर’ हे पाठ झालेलं उत्तर आहे. त्याऐवजी गणित मांडा. मध्यम ताकदीचा सहसंबंध (दोन गोष्टी सोबत किती बदलतात ते -1 ते 1 मध्ये सांगणारा आकडा), म्हणजे 0.30 च्या आसपास, 80 टक्के खात्रीने पकडायचा असेल तर साधारण 85 जण लागतात. 0.20 इतका क्षीण असेल तर 194. दोन गटांत मध्यम फरक पाहायचा तर प्रत्येक गटात 64. जी-पॉवर हे मोफत सॉफ्टवेअर हे काढून देतं. अर्धवट फॉर्म येणार हे धरून थोडे जास्त घ्या.

गुगल फॉर्म सोपा आहे, पण घराबद्दलच्या अभ्यासात त्याची एक मोठी अडचण आहे. सुट्टीत घरी गेलेल्या मुलाला लिंक पाठवलीत आणि तो आईशेजारी बसून ‘घरचे मला समजून घेतात का’ हे भरतोय, तर ते उत्तर कशाचं? जमेल तिथे वसतिगृहाच्या वाचनालयात, कागदावर, अंतरं ठेवून बसवून भरून घ्या. भरलेले कागद प्रत्येकाने स्वतः पेटीत टाकायचे. ऑनलाइनच करायचं असेल तर पहिल्याच पानावर ‘एकटे असाल तेव्हा भरा’ असं ठळक लिहा आणि ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद करा. वेळही बघा: परीक्षेच्या आठवड्यात किंवा दिवाळीहून परतल्यावर लगेच घेतलेली उत्तरं त्या दिवसांचा रंग घेऊन येतात.

आकड्यांकडे वळताना

एसपीएसएस हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअर नसेल तर जमोवी किंवा जास्प वापरा, दोन्ही मोफत आहेत. आधी उलट्या अर्थाच्या विधानांचे गुण फिरवून घ्या, मग क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे मापनीतली विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, काढा. 0.70 च्या वर असेल तर ठीक. तुम्ही भाषांतर केलेल्या मापनीचा अल्फा कमी आला तर तो लपवू नका, कोणत्या विधानामुळे घसरला ते शोधा आणि लिहा.

सहसंबंध काढण्याआधी विकीर्णन आलेख (प्रत्येक उत्तरदात्यासाठी एक ठिपका) काढून डोळ्यांनी बघा. एक-दोन टोकाचे ठिपके अख्खा सहसंबंध ओढून नेऊ शकतात.

समजा 100 विद्यार्थ्यांवर सहसंबंध 0.30 आला. पी (खरा संबंध नसताना योगायोगाने इतका संबंध दिसण्याची शक्यता) 0.01 पेक्षा कमी आहे म्हणून पुष्कळ जण इथेच ‘परिकल्पना सिद्ध झाली’ लिहून मोकळे होतात. पण 0.30 चा वर्ग 0.09. म्हणजे मनःस्वास्थ्यातल्या फरकांपैकी 9 टक्के फरक आधाराच्या फरकाशी जोडता येतो, बाकीचे 91 टक्के इतरत्र आहेत: पैसे, झोप, अभ्यास, मैत्री, शरीर. शिवाय 95 टक्के विश्वास-अंतराल, म्हणजे खरा सहसंबंध ज्या टप्प्यात असण्याचा अंदाज आहे तो टप्पा, 0.11 ते 0.47 इतकं रुंद आहे. हे दोन्ही आकडे लिहा.

आणि दिशा? आधार कमी म्हणून मन खचलं, हे एक वाचन. मन खचलेलं असताना घरचे दूर वाटू लागतात, हे दुसरं, तितकंच शक्य. महिनाअखेरीस खोलीभाड्याची चणचण दोन्हींना खाली ओढते, हे तिसरं. एका वेळच्या प्रश्नावलीतून यांतलं कोणतं खरं ते ठरत नाही. म्हणून चर्चेच्या प्रकरणात तिन्ही शक्यता मांडा.

मुलाखती घ्यायच्या असतील तर

विद्यार्थी-प्रकल्पासाठी सहा ते दहा मुलाखती पुरतात. ‘तुमचं वडिलांशी नातं कसं आहे?’ असं विचारलं की ‘चांगलं आहे’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी घटना विचारा. शेवटचा फोन कोणी केला? काय बोलणं झालं? बोलायचं होतं पण राहून गेलं असं काही? ‘जेवलीस का’ याच्या पुढे बाबांचा फोन जात नाही, असं एखादी सांगते आणि लगेच म्हणते, ‘पण रोज करतात.’ अशा ठिकाणी घाई न करता थांबायचं. आधाराच्या मापनीत या दोन वाक्यांना मिळून कदाचित 3 गुण पडतील.

लिप्यंतर करताना बोली सुधारू नका. ‘आय लई काळजी करती’ याचं ‘आई खूप काळजी करते’ केलंत की सांगणाऱ्याचं घरच बदललं. विश्लेषणासाठी ब्राऊन आणि क्लार्क यांनी 2006 मध्ये मांडलेल्या सहा टप्प्यांच्या आशयसूत्र-विश्लेषणाचा (थीमॅटिक अॅनालिसिस, म्हणजे बोलण्यात पुन्हा पुन्हा येणारी सूत्रं शोधणं) आधार घ्या आणि प्रत्येक आशयसूत्राखाली त्याला छेद देणारं एक तरी उद्धरण ठेवा. ओळख पटेल असे तपशील बदला. लहान गावात ‘पोस्टमनची मुलगी’ एवढं लिहिलं तरी नाव लिहिल्यासारखंच.

लिहिणं आणि परत देणं

पद्धतीचं प्रकरण आधी लिहा, आठवण ताजी असताना. प्रस्तावना शेवटी. मर्यादांमध्ये ‘वेळ कमी होता’ लिहू नका. त्याऐवजी कोण सुटलं ते लिहा: घरी राहून शिकणारे, ज्यांनी फॉर्म घ्यायलाच नकार दिला ते, आईवडील नसलेले, ज्यांना ‘घरचे’ या शब्दावर काय खूण करायची तेच कळलं नाही ते. तोंडी परीक्षेत परीक्षक बहुधा तीन गोष्टी विचारतात: हीच मापनी का, इतकेच उत्तरदाते का, आणि निष्कर्ष कोणाला लागू होतो. तिन्हींची उत्तरं वरच्या कामात आहेतच.

निकाल आल्यावर एका पानाचा मराठी गोषवारा करून ज्या वसतिगृहात फॉर्म भरून घेतलेत तिथल्या फलकावर लावा, रेक्टरना विचारून. त्यात कोणत्याही एका खोलीचा किंवा गटाचा उल्लेख नको. मुलाखतींची ध्वनिमुद्रणं विद्यापीठाने ठरवलेल्या मुदतीनंतर पुसून टाका, फोनमधली प्रत आणि गुगल ड्राइव्हवरची प्रत, दोन्ही.